समुद्र न पाहिलेल्या वर्गाला समुद्र कसा शिकवायचा?

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. सहावी ते आठवीचं विज्ञान आणि भूगोल दोन्ही त्यांच्याकडे. अडतीस मुलांपैकी समुद्र पाहिलेला एकच, तोही मुंबईला मामाकडे गेला होता म्हणून. भरती-ओहोटी, सागरतळ, सागरी प्रवाह हे धडे आले की वर्ग गप्प होतो. मुलं व्याख्या पाठ करतात आणि विसरतात. बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, थर्माकोलचा सागरतळ करून घेतला. "समुद्राच्या पाण्यात" अंडं तरंगवून दाखवायला गेल्या, तर ते बुडालं आणि वर्ग हसला. आता कोकणात सहल न्यावी असं त्यांच्या मनात आहे, पण कापूस विकला जाण्याआधी पालकांकडे पैसे मागायला जीव धजत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "समुद्र कायले एवढा शिकवता मॅडम, पेपरात दोन मार्काचा येते." त्यांचा प्रश्न असा: जी गोष्ट मुलांनी पाहिलीच नाही ती शिकवायची कशी? सहल काढू, की धडा उरकून मोकळी होऊ?

ताई,

आधी त्या अंड्याचं बघू. तुमचं अंडं बरोबर होतं. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ टाकलं असेल, तर ते साधारण समुद्राइतकं खारं पाणी झालं आणि त्यात ताजं अंडं बुडतंच. अंड्याची घनता या पाण्यापेक्षा जास्त असते. ते तरंगायला लिटरला १०० ते १३० ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे समुद्राच्या तिप्पट-चौपट. बहुतेक ठिकाणी अंडं वर येईपर्यंत चमच्यामागून चमचे मीठ पडत राहतं आणि मग "पाहा, हा समुद्र" असं सांगितलं जातं. मुलांच्या डोक्यात भलताच समुद्र बसतो. तुमच्या वर्गात खरं उत्तर आलं होतं, फक्त त्या क्षणी ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी दोन बरण्या ठेवा, एक ३५ ग्रॅमची आणि एक १३० ग्रॅमची. अंडं कशात तरंगेल ते आधी वहीत लिहून घ्या, मग सोडा. मृत समुद्रात माणूस पाण्यावर पडून पेपर वाचतो आणि चौपाटीवर तसं का जमत नाही, ते यातून आपोआप निघतं.

मोजमापाचं सांगते. बारीक मिठाचा सपाट केलेला एक छोटा चमचा म्हणजे साधारण सहा ग्रॅम, म्हणून लिटरला सहा चमचे. शिगोशीग भरला तर जवळजवळ दुप्पट जातं आणि सगळं गणित चुकतं. पुडीतल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेला पदार्थ असतो, त्यानं पाणी गढूळ दिसतं. खडे मीठ घेतलं तर पाणी नितळ राहतं, पण ते ओलसर असतं. तासभर उन्हात ठेवा आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून आणा.

तुमच्या पत्रात "पाहिलेलं नाही म्हणून शिकत नाहीत" हे वाक्य दोनदा आलं आहे. मला तिथंच थांबावंसं वाटतं. मुंबईतली जी मुलं रोज समुद्र पाहतात त्यांना भरती का येते हे येतं, असं नाही. पाहण्यानं लाट कळते. खारेपणा, दाब, प्रवाह, तळ हे किनाऱ्यावर उभं राहूनही दिसत नाही, ते मोजावं लागतं. देशाला समुद्राची माहिती आणि त्सुनामीचा इशारा देणारी भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था हैदराबादेत आहे. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. जगभरच्या समुद्रांत सोडलेले आर्गो नावाचे हजारो तरंगक दर दहा दिवसांनी सुमारे २,००० मीटर खोलीवरून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. हैदराबादचे शास्त्रज्ञ बराचसा समुद्र या आकड्यांतूनच पाहतात. तुमची मुलं तेच लहान प्रमाणावर करू शकतात.

दुसरं गृहीतक असं की समुद्र "तिकडे" आहे. यवतमाळच्या कोणत्याही नाल्याचं पाणी वर्धा नदीला नाहीतर पैनगंगेला मिळतं. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. सहल अरबी समुद्राला जाणार असली तरी तुमच्या नाल्याचा समुद्र पूर्वेचा आहे! अकोला, अमरावतीच्या वाचकांनी पूर्णेचा माग काढावा, ती तापीतून अरबी समुद्राला जाते. बुलडाण्यात तर एकाच जिल्ह्यात पैनगंगेचं पाणी पूर्वेला आणि पूर्णेचं पश्चिमेला. पहिला तास इथून सुरू करा. जिल्ह्याचा आणि राज्याचा नकाशा जमिनीवर मांडा, मुलांना शाळेमागच्या नाल्यापासून बोटानं जायला लावा.

आणि पाऊस. "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र" हे वाक्य तुमच्या गावात पेरणी झालेल्या प्रत्येक घरात कान देऊन ऐकलं जातं. दुबार पेरणीची टांगती तलवार ज्या घरावर असते, त्या घरातल्या मुलाला समुद्राचं काय काम हे मुख्याध्यापकांनी विचारू नये. ते क्षेत्र ओडिशा, छत्तीसगडवरून दोन-चार दिवसांत आपल्याकडे सरकतं. शाळा उघडली की भिंतीवर भारताचा कोरा नकाशा लावा. बातम्यांत क्षेत्र तयार झाल्याचं आलं की तारखेसह टिंब काढायचं, रोज पुढे सरकवायचं, आणि शेजारी आपल्या पर्जन्यमापकाचा आकडा लिहायचा. सप्टेंबरपर्यंत नकाशावर बंगालच्या उपसागरातून निघालेल्या वाटा दिसू लागतात. काही वाटा आपल्याला चुकवून जातात, तेही मुलांनी लिहू द्या.

पर्जन्यमापक शीतपेयाच्या बाटलीचा करता येतो, पण एक चूक हमखास होते. त्या बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून तळापासून पट्टी लावली की आकडा चुकतो. बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळं म्हणून बसवा. तळात खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची खूण करा. खड्यांमुळे वाऱ्यात बाटली पडतही नाही. झाडापासून आणि छपरापासून लांब ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही परिपाठाच्या आधी पाहिजे तर परिपाठानंतर, पण रोज एकाच वेळी घ्या. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दहा बाय सहा मीटरच्या वर्गाच्या छतावर २५ मिलिमीटर पडला, तर १,५०० लिटर. हे गणित मुलं घरच्या टाकीशी लगेच जोडतात.

वारा समुद्राकडून का येतो, यासाठी दोन सारखे डबे, एकात २०० ग्रॅम सुकी काळी माती, दुसऱ्यात २०० ग्रॅम पाणी. रात्रभर दोन्ही एकाच खोलीत ठेवा, म्हणजे सुरुवातीचं तापमान सारखं. सकाळी अकराला उन्हात, तापमापीचा फुगा दोन्हींत दोन सेंटिमीटर खोल, दर दहा मिनिटांनी नोंद. मग सावलीत आणून तासभर तसंच. माती झटकन तापते आणि झटकन निवते, पाणी दोन्हीला वेळ घेतं. तापमापी प्रयोगशाळेचीच हवी, तापाची चालत नाही. माती ओलसर असेल तर प्रयोग फसतो, कारण ओली माती पाण्यासारखीच वागू लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे आणि मुंबईत ३३-३४, याचं मोठं कारण या दोन डब्यांत आहे. मात्र मान्सून म्हणजे फक्त मोठा खारा वारा (दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारा), असं सांगून थांबू नका. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता आणि पृथ्वीच्या फिरण्यानं वळणारे वारे हेही त्यात आहेत. आठवीला एवढा उल्लेख पुरे.

आता भरती-ओहोटी. विदर्भात हा धडा सगळ्यात अवघड समजला जातो. मला तो सगळ्यात सोपा वाटतो, कारण त्याला लागणारं उपकरण प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. मुलांना महिनाभर दिनदर्शिकेवरून मुंबईची भरती काढू द्या आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर छापील वेळा येतात त्यांच्याशी ताडून पाहू द्या. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, कधी जास्तही. तो का पडतो हा चांगला प्रश्न आहे. तिथीची लांबी कमीजास्त असते, किनाऱ्याचा आकार आडवा येतो. हा नियम मुंबई-कोकणापुरता आहे. बंगालच्या उपसागराला किंवा खंभातच्या आखाताला लावू नका.

पाऊणपट का? कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, आणि पाऊण तास त्याच्या जवळचा, तोंडी हिशेबाला सोपा आकडा. मुलांनी पंधरा दिवस चंद्र कधी कुठे दिसतो एवढं लिहिलं, तरी हे त्यांना स्वतःला सापडतं. मुंबईत चंद्र माथ्यावर असतो त्याच सुमारास पाणी चढलेलं असतं. तुमच्या अंगणातून दिसणारा चंद्रच तिथलं पाणी चढवतो आहे.

मग कोणीतरी विचारेलच की आपल्या धरणाला भरती का येत नाही. धरणाच्या या काठाला आणि त्या काठाला चंद्राची ओढ जवळजवळ सारखीच असते, फरक नगण्य. भरती ओढीमुळे नव्हे, ओढीतल्या फरकामुळे येते, आणि फरक पडायला हजारो किलोमीटरचं पाणी लागतं. चंद्राच्या उलट बाजूलाही फुगवटा का, याचंही उत्तर हेच: पृथ्वीच्या त्या बाजूच्या पाण्यावर ओढ कमी पडते, ते मागे राहतं. "चंद्र पाणी वर खेचतो" एवढंच शिकवलं तर दिवसातून दोन भरत्या का, हे कधीच सुटत नाही.

प्रवाहांसाठी बर्फाचा प्रयोग करा. गावात कुल्फीवाला किंवा एखाद्याचा फ्रिज असतोच. पाण्यात शाईचे चार थेंब टाकून रंगीत बर्फ बनवा, तुकडे एकाच साच्यातले घ्या. दोन काचेचे ग्लास, प्रत्येकी २०० मिली पाणी, एकात दोन सपाट चमचे मीठ पूर्ण विरघळवून. गरम पाण्यात मीठ विरघळवलं असेल, तर ते निवेपर्यंत थांबा, नाहीतर निकाल उलटा येतो. बर्फ कशात आधी वितळेल, हे आधी हात वर करून सांगायला लावा. जवळजवळ सगळी मुलं मिठाच्या ग्लासाकडे बोट दाखवतात, कारण मिठानं बर्फ वितळतो हे त्यांनी कुल्फीच्या पेटीत पाहिलेलं असतं. होतं उलट. गोड्या पाण्यात रंगाचे धागे खाली उतरतात, पाणी घुसळतं, बर्फ लवकर जातो. खाऱ्या पाण्यात वितळलेलं गोडं पाणी हलकं असल्यानं वरच थर करून बसतं आणि बर्फाला गारव्याचं पांघरूण घालतं. कुल्फीच्या पेटीत मीठ थेट बर्फावर पडतं, म्हणून तिथं गोष्ट वेगळी. ग्लास हलवायचा नाही, ढवळायचं नाही. टेबलाला धक्का लागला तरी थर मोडतो. एवढ्या एका प्रयोगात थंड पाणी बुडतं, गोडं पाणी तरंगतं, आणि या दोन्हींच्या रस्सीखेचीतून समुद्राचं पाणी खोलवर फिरतं, हे सगळं दिसतं.

दाबाचा तीन भोकांचा बाटलीवाला प्रयोग तुम्ही घेतच असाल. फक्त बाटली टेबलावर सपाट ठेवली तर सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब जात नाही, मधली जाते. पुस्तकांतल्या चित्रात बहुधा उलटं दाखवलेलं असतं, कारण खालच्या धारेला पडायला जागाच मिळत नाही हे कोणी लक्षात घेत नाही. बाटली दोन फूट उंच बाकाच्या कडेवर ठेवा, मग खालची धार जमिनीवर सगळ्यात पुढे पडते. विहिरीत दहा मीटर पाणी असेल, तर तळाशी हवेच्या दाबाखेरीज आणखी तेवढाच दाब. समुद्रात हेच पुढे मोजत जायचं.

खोलीसाठी सुतळी. एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर धरा. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर म्हणजे ३७ सेंटिमीटर, समुद्रातली सगळ्यात खोल जागा, मारियाना गर्ता, १०९ सेंटिमीटर, कळसूबाई साडेसोळा, एव्हरेस्ट साडेअठ्ठ्याऐंशी. उजेड जेमतेम पहिल्या दोन सेंटिमीटरांत, त्याखाली अंधार. याच मापानं अरबी समुद्राची कमाल रुंदी, सुमारे २,४०० किलोमीटर, २४० मीटर होते. मैदानात तेवढं अंतर चालवा आणि मग हातातली ३७ सेंटिमीटरची सुतळी दाखवा. तुमच्या थर्माकोलच्या सागरतळात समुद्र खोल वाडग्यासारखा झाला असणार. खरा समुद्र शेतात पसरलेल्या पाण्याइतका उथळ-रुंद आहे. थर्माकोल यापुढे राहू द्या.

समुद्र खारा का, हे दाखवायला बाष्पीभवन पुरेसं आहे. काळ्या रंगाच्या सारख्या थाळ्यांत १०० मिली पावसाचं, बोअरचं आणि तुम्ही बनवलेलं खारं पाणी उन्हात ठेवा, वर जाळी. शेवटच्या थाळीत साडेतीन ग्रॅम मीठ उरतं, बोअरच्या थाळीत पांढरा पापुद्रा. नदी क्षार आणते, समुद्रातून पाणी उडून जातं, क्षार राहतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शिक्षकांना तर विहिरीचंच पाणी घेता येईल. १९३० मध्ये अकोल्याजवळ दहिहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो समुद्राविना, खाऱ्या विहिरींच्या पाण्यावर. लोणारचं सरोवरही दाखला म्हणून उत्तम, पाणी आत येतं आणि फक्त वाफ होऊन जातं. पण ते उल्काघातानं बेसॉल्टात, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, झालेलं विवर आहे, समुद्राचा उरलेला तुकडा नाही. त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास, समुद्राचा ८.१. मुलं हे दोन्ही एक समजतात.

खराखुरा जुना समुद्र हवा असेल तर वणी, मुकुटबनकडचा चुनखडक आणा. सिमेंट कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकमधून रस्त्यात पडलेले तुकडेही चालतील. शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे इथल्या समुद्राच्या तळाशी साचलेला तो गाळ आहे. खिळ्यानं खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस टाका, फसफसतं. न खरवडता टाकलात तर फारसं काही दिसत नाही आणि पुन्हा अंड्यासारखं हसू होईल. शेतातला काळा दगड फसफसत नाही. वणीचा कोळसा मात्र यात मिसळू नका. तो फार नंतरचा, जमिनीवरच्या दलदलीतला.

सहलीबद्दल. यंदा काढू नका. वर्षभर हे केल्यावर, पालकांच्या हाती कापसाचे पैसे आल्यावर, हिवाळ्यात काढा, आणि एका मुलानंही पैशामुळे मागे राहू नये असा हिशेब आधी करा. तो बसत नसेल तर सहल नाही निघाली तरी चालेल. निघाली तर दिवस तिथी पाहून ठरवा. ऐन पौर्णिमेला दुपारी पोचलात तर भरती असते, खडक पाण्याखाली, मुलं नुसत्या लाटा पाहून परततात. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया किंवा तृतीया घ्या. ओहोटी सकाळी साडेसात-साडेआठच्या सुमारास आणि चांगली खोलवर जाते, खडकाळ किनाऱ्यावरची डबकी उघडी पडतात. मुक्काम मग आदल्या रात्रीच किनाऱ्याजवळ हवा. पाणी वळू लागलं की सगळ्यांनी बाहेर, जिवंत काही उचलायचं नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेशी आधी ओळख करून घेतली तर अर्धं काम तिथेच होतं. सहल न निघाल्यास त्याच शाळेकडून रिकामे शिंपले, वाळू आणि कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर बाटलीभर पाणी मागवा, तुम्ही कापसाचं बोंड आणि काळी माती पाठवा. पाणी चार दिवसांत वास मारतं, त्यातले सूक्ष्मजीव मरतात म्हणून. आल्या दिवशीच थाळीत घाला.

व्हिडिओ सोडू नका, फक्त प्रयोगानंतर दाखवा, आणि आवाज बंद करून. काय चाललंय ते मुलांना सांगू द्या.

मुख्याध्यापकांना एवढंच सांगा की घनता, उष्णता, दाब, क्षार हे विज्ञानाचे धडे तसेही घ्यायचेच आहेत. ते समुद्रावर घेतले तर भूगोलाचे तास वाचतात. वेगळा तास मागू नका, मिळणारही नाही.

एकदम सगळं हाती घेऊ नका. तिथीच्या वहीपासून सुरुवात करा, तिला खर्च नाही. येत्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, फळ्याच्या कोपऱ्यात "मुंबईत भरती: पाऊण वाजता" एवढं लिहा. द्वितीयेचा आकडा मुलांनी सांगायचा.